गाऱ्हाणं घालणारा

माझे सासरे भिकाजी हे दमलेले गृहस्थ होते. लग्न होऊन मी तोंडवलीला आले तेव्हापासून ते दमलेलेच होते, आणि वय तेव्हा काही फार नव्हतं. समुद्रावर राबणारा माणूस दमतो हे मला कोणी शिकवायला नको. माझं माहेर देवगडकडचं, बाप-भाऊ सगळे होडीवरचे. पण ते जेवून आडवे झाले की सकाळी पुन्हा ताजे. मामंजींचा थकवा झोपेने जायचा नाही. वाडीने जे स्वतः ठरवायचं ते मामंजींच्या तोंडून देवाला विचारायचं, आणि पुढे काही बिनसलं की जाब मात्र मामंजींना विचारायचा. असल्या कामात माणूस दमेल नाही तर काय होईल?

आमच्याकडे तेव्हा मासेमारी म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारायचा आणि मग जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने ओढायचे. दोराला हात लावील त्याला वाटा. म्हाताऱ्याला, आजाऱ्याच्या बायकोला, विधवेला, सगळ्यांना. आमची शेजारीण पद्मावती, तिचा नवरा समुद्रात गेला, पोटी मूल नाही. ती दोराच्या अगदी शेवटाला धरून उभी राहायची. ओढायची कितपत ते देव जाणे! पण दुपारी टोपली भरून घरी जायची, आणि त्या टोपलीसाठी तिला कोणापुढे मान वाकवावी लागत नसे.

रापण सगळ्यांची, म्हणून निर्णयही सगळ्यांचे. नवी होडी घ्यायची की जुनी डागडुजी करायची, जाळं खाडीच्या तोंडाशी टाकायचं की उत्तरेला, मासळी व्यापाऱ्याला ओली द्यायची की खारवायची. आमची माणसं मोठी शहाणी. घरात प्रत्येकाची दोन-दोन मतं, चार लोकांत आला की एकही नाही. 'देवाक विचारा' म्हटलं की मोकळे.

मग नारळी पुनव झाली की सगळे देवळात जमायचे. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हा कौल. पण काय विचारायचंय ते आधी देवाला कोणीतरी नीट सांगायला हवं. ते गाऱ्हाणं. गाऱ्हाण्याच्या एकेका वाक्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. मान कसला, खोडा होता तो.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला ते कळलं. आचऱ्याची एक जुनी होडी घ्यावी का, असा कौल लावला होता. उजवा आला. होडी घेतली आणि त्याच हंगामात ती खाडीच्या तोंडच्या वाळूवर आपटून फुटली. माणसं वाचली. पण संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन रापणीवरचा धोंडू म्हणाला, "देव चुकणा नाय, भिकाजी. विचारणारो चुकता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. होडी पाहायला आचऱ्याला गेले होते ते हेच, तिच्या फळ्या ठोकून बघून वाहवा करणारेही हेच! मला इतका राग आला की मी आतून कोणालाच पाणी आणून दिलं नाही. मामंजी मात्र "व्हय, माझाच चुकला," एवढंच बोलले.

त्या होडीनंतर त्यांनी एक रीत धरली. कौल लावायचा तर आधी उजव्याची तयारी करायची आणि डाव्याचीही. एका वर्षी जाळं उत्तरेला टाकावं का, असं विचारायचं होतं. ते आधी उत्तरेला जाऊन पाण्याखालचे खडक चाचपून आले, आणि इकडे खाडीजवळची जागाही साफ करून ठेवली. बांगडा एकदम ढिगाने आला तर व्यापारी भाव पाडतो, म्हणून हंगामाचा कौल लावण्याआधी मीठ येऊन पडलेलं असायचं. ते मीठ आम्ही बायका वाहायचो आणि बोटं मोडायचो. माझा पुतण्या हल्ली मुंबईच्या कंपनीत असल्याच कामाचा पगार घेतो. मामंजींना शिव्या मिळायच्या.

एकदा मी विचारलंच. "मामंजी, सगळा आधीच बघून ठेवतात, मगे देव कित्याक व्हयो?"

ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "ठरवूक मी एकटो पुरो, गो. सोसूक सगळी वाडी व्हयी." आणि थोड्या वेळाने, मी विचारलं नसताना, "उजवो इलो तरी सोसूक व्हयो, डावो इलो तरी सोसूक व्हयो. एकच उत्तर सोसण्यासारखा आसात, तर ता देवाक विचारूचाच नाय."

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला वाडीत मच्छीमारांची सोसायटी निघाली. माझा नवरा सत्यवान तिचा सेक्रेटरी. मालवणला कचेरीत जाऊन आला की दोन दिवस घरात शुद्ध बोलायचा. मीठ कमी पडलं तर 'मिठाचं प्रमाण पाहा' म्हणायचा. तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर यायची. त्यानेच लाँचीची गोष्ट आणली. सरकार मदत करणार, इंजिनाची लाँच मिळणार. इकडे रापणीचं सुती जाळं कुजत चाललेलं, नवं नायलॉनचं घ्यायला झालेलं. सगळी पुंजी घातली तर दोहोंतलं एकच जमणार होतं.

सत्यवान म्हणायचा, मासळी आता काठाला येत नाही, तिच्या मागे जायला हवं. खोटं नव्हतं ते. रापण कितीदा रिकामी यायची ते मी डोळ्यांनी पाहत होते. मामंजींनीही मालवणच्या बंदरात जाऊन लाँचवाल्यांच्या पाठी लागून सगळं विचारून घेतलं. इंजिन बिघडलं तर कोण दुरुस्त करतो, ओहोटीला वाळूवरून कशी काढता, पावसाळ्यात कुठे ओढून ठेवता. घरी येऊन म्हणाले, "लाँच बरी आसा. पण तिका सात माणसां पुरे."  पुढचं बोलायची गरज नव्हती. सात जण लाँचीवर गेले तर किनाऱ्यावर दोर धरून उभ्या असलेल्यांनी काय धरायचं?

मी कोणाच्या बाजूची होते म्हणाल, तर नवऱ्याला वाढताना लाँचीच्या आणि सासऱ्यांना वाढताना जाळ्याच्या.

वाडी 'देवाक विचारा' म्हणून मागे लागली आणि मामंजी पहिल्यांदाच नाही म्हणाले. "हो प्रश्न देवाचो न्हय. आपलो आसा. आपणच बोला." कोणी बोलेना. उलट कुजबूज सुरू झाली की म्हाताऱ्याला कौलाचीच भीती वाटते, देव लाँच म्हणेल म्हणून टाळतोय. खुद्द सत्यवान म्हणाला, "बाबा, तुमका नको आसा म्हणान सगळ्यांका अडवतात." त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. ओटीवर बसून राहिले. अंगातली हाडं काढून घेतल्यासारखे बसायचे ते तेव्हा. मग एक दिवस सकाळी उठून म्हणाले, "गुरवाक सांगा. मी विचारतंय."

देवळात सगळी वाडी. बायका मागे. मामंजी हात जोडून उभे राहिले.

"बा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"लाँच घेवची काय जाळा घेवचा, ह्या तेंका कळना नाय. उजवो इलो तर लाँच, डावो इलो तर जाळा."

"व्हय म्हाराजा!"

"लाँच घेतली, तर दोराक हात लावणाऱ्या हरएक घराचो वाटो लाँचीवर रवतलो. पद्मावतीचो पण."

"व्हय म्हाराजा!"

"तो वाटो कोणाक तोडूचो झालो, तर तेणा हयच, तुझ्यासमोर, उघड्या तोंडान बोलूक व्हया."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' हे श्वासासारखं निघतं, त्याचा कोणी विचार करत नाही. पाकळी उजवी पडली. लाँच! पोरांनी आरडाओरडा केला. आपण काय कबूल करून बसलो, ते अर्ध्या लोकांना घरी पोचल्यावर कळलं. मी मात्र सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं, ते खूश दिसतील. नुसते दमलेले दिसत होते.

लाँच आली आणि चालली. तिच्यावरच्या सातांत सत्यवानही होता. कोळंबी मिळायला लागली, काही घरांवर कौलं चढली. टोपली घेऊन पद्मावती आता वाटा घ्यायला खाडीवर जायची. सुरुवातीला कोणाला काही वाटलं नाही. मग इंजिन कुरकुरायला लागलं, तशी माणसंही. इंजिनावर हात भाजून घ्यायचे सात जणांनी, खोल पाण्यात जीव टांगायचा सात जणांनी आणि टोपल्या मात्र सगळ्या वाडीने भरायच्या, हे त्यांचं म्हणणं. सत्यवानच्या तळव्यावरचे फोड मीच फडक्याने बांधत होते, तेव्हा ते म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी कशाला म्हणू? त्यांना पुन्हा कौल हवा होता. घरोघरचे वाटे तोडायला देवाची परवानगी.

मामंजी म्हणाले, "विचारतंय. पण बोलल्याप्रमाणे."

पुन्हा देऊळ भरलं. या वेळी पद्मावती दाराशी येऊन उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला देवळात येऊ नको असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"बा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"पद्मावतीचो वाटो तोडूचो, असा ह्या लोकांचा म्हणना आसा."

कोणी बोललं नाही. मामंजी थांबले. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. धोंडूने खाली बघितलं. सत्यवानने घसा खाकरला आणि तोही खाकरण्यापुरताच. गुरव बिचारा ओल्या पाकळ्या बोटांत धरून उभा. शेवटी मामंजी त्याला म्हणाले, "ठेव त्यो. प्रश्न देवाकडे पोचलोच नाय." आणि घरी आले. मला वाटलं, जिंकले! मी मुद्दाम सोलकढी केली. त्यांनी ती पाण्यासारखी पिऊन टाकली आणि भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपले.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीची सभा मालवणला कचेरीत झाली. सत्यवान परत आला तो शुद्ध बोलतच. "लाँचीचं उत्पन्न काम करणाऱ्या सभासदांपुरतं ठेवायचं, असा ठराव झाला. सर्वानुमते."

मामंजींनी विचारलं, "व्हय कोणी म्हटल्यान?"

"तसं कोणी म्हणायचं नसतं, बाबा. अध्यक्ष ठराव वाचून दाखवतात. कोणी हरकत घेतली नाही, की मंजूर."

"म्हणजे सगळे गप रवले."

"व्हय," सत्यवान म्हणाला. शुद्ध बोलणं गळून पडलं होतं.

"देवळात गप रवले तेव्हा ता 'नाय' झाला होता रे."

 माझ्या नवऱ्याने हात धुतले, तो पाटावर बसला आणि मी वाढलं. वाढायला नको होतं असं मला आजही वाटतं. पण घरात पोरं होती, नवरा दिवसभर उपाशी होता, आणि त्या ठरावाने वाढणारा वाटा आमचाच होता.

सकाळी लाँच खाडीत आली. पद्मावती रोजच्यासारखी टोपली घेऊन काठाला. लाँचीवर सातही जण, पण प्रत्येकाचं लक्ष जाळ्यात, दोरीत, इंजिनात. कोणी तिच्याकडे बघेना. एवढे मर्द गडी, एकाच्या तोंडून शब्द फुटेना! बाकीच्या बायकांना घरच्यांनी सांगितलं असेल, त्या आल्या नव्हत्या. हिला सांगायला घरात होतं कोण? ऊन चढायला लागलं, तरी बाई टोपली घेऊन उभीच.

मामंजी ओटीवरून उठले. मी त्यांच्या मागून गेले. वाळूतून चालताना ते दोनदा थांबले. तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "पद्मावती, वाटो बंद झालो गो."

"कोणी केल्यान?"

सत्यवान लाँचीवर आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याचे हात थांबले, ते मी पाहिलं. मामंजींनीही पाहिलं असणार.

"मी," मामंजी म्हणाले. "मीच बोललंय."

मला ओरडावंसं वाटलं, की नाही, हे नाही, तो तिकडचा माझा नवरा, ते सगळे! पण सासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं नाही. मीही गप्पच राहिले.

पद्मावतीने त्यांच्याकडे बघितलं. ती चिडेल, बोटं मोडेल असं मला वाटलं होतं. तिने टोपली काखेत घेतली.

"तुम्ही बोललात, तर दोनय बाजू बघूनच बोललात असतलात," ती म्हणाली. "मगे सोसूक व्हया." आणि वाळूतून घराकडे चालू लागली.

मामंजी तिथेच खाली बसले. मी उठवायला हात दिला, तो त्यांनी धरला नाही. लाँचीवरून उतरून सत्यवान आला, त्याने हात दिला, तोही धरला नाही.