चौदा शिफारशी आणि एक खोड

आता काय सांगू तुम्हाला! आयुष्यात मला मूर्ख बनवायला लई लोकांनी बघितलं, कोणाला जमलं नाही. शेवटी ते काम माझं मलाच करावं लागलं. चहा ओता, सांगतो. पण मधे कोणी खिदळलं तर मी उठून जाईन. हसायचं ते शेवटी हसा.

मी चौथी नापास. पण घोडेगावच्या बैलबाजारात दलाली करून केस पांढरे केले. जबड्यात हात घालून वय सांगायचो, चार पावलं चालवून खोड सांगायचो. माणसाचं तोंड विसरेन, पण एकदा बघितलेला बैल मी विसरत नाही.

पहिल्याच बाजारात थोरल्या चुलत्याने मला एक गोष्ट शिकवली होती. ज्याचा मालक गप उभा आहे तो बैल बघावा. ज्याच्याभोवती चार जण उभे राहून "काय बैल हाय, काय बैल हाय" करताहेत, तिथे थांबूच नये. ती चार माणसं मालकाने चहा पाजून उभी केलेली असतात. मला कसं ठाऊक? अहो, तसला चहा मीच किती ढोसलाय!

हे नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर हा किस्सा झाला.

साल एकाहत्तर असेल. आमचा थोरला, सुदाम, नगरच्या कॉलेजात सायन्स शिकला. डोक्यात एकच, इंजिनियर व्हायचं. पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात अर्ज घातला. मार्क चांगले होते, पण तिथे चांगल्या मार्कांच्या पोरांची काय कमी? ह्याचं नाव काठावर अडकलं. मग कार्ड आलं, की उरलेल्या थोड्या जागा प्रिन्सिपॉल साहेब स्वतः मुलाखत घेऊन भरणार. या.

पोराला जेवण जाईना. जागा मिळाली नाही तर पुढे काय? पुढे मी! माझ्याबरोबर बैलांच्या शेपट्या पिरगाळत हिंडायचं. आणि ह्याला तर बैलाजवळ गेलं की शिंका यायच्या. दलाल शिंकायला लागला तर सौदा व्हायचा कसा?

तेवढ्यात शेवगावच्या बाजारात एक शहाणा भेटला. बिडी ओढत म्हणाला, "नुसत्या मार्कावर काय हुतंय, पाव्हणं? शिफारस लागती. चार मोठ्या मानसांनी लिहून दिलं पायजे, पोरगं लई गुणाचं हाय म्हनून."

"चारच?" मी म्हणालो.

झालं! त्या दिवसापासून मी कामधंदा सोडून कागद गोळा करायला लागलो. सरपंचाचा घेतला: मुलगा सुस्वभावी व निर्व्यसनी. भजनी मंडळाच्या बुवांचा घेतला: टाळ वेळेवर वाजवतो. तालमीच्या वस्तादाचा घेतला: मुलगा कुस्ती खेळत नाही, पण खेळला असता तर नाव काढलं असतं. ढोरांच्या डॉक्टरलासुद्धा सोडला नाही. त्याने लिहून दिलं: पाय सरळ, दात पूर्ण, प्रकृती निरोगी.

लिहायचे सगळे आमचे भागूजी मास्तर. बाकीचे फक्त सही करायचे, नाहीतर अंगठा द्यायचे. मास्तर म्हणाले, "अहो, सगळी पत्रं एकाच अक्षरात होताहेत."

"चांगलंच की! साहेबाला वाचायला सोपं."

घरात आमची ही चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्या कागदांपरीस पोराला एक धड सदरा शिवा."

"सदऱ्यावर ॲडमिशन मिळती व्हय?"

"मंग ढोराच्या डागदरवर मिळती का?"

बायकांना ह्यातलं काय कळतं, असं मी म्हणालो. मनात म्हणालो. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

चौदा कागद झाले. पंधरावा आला तो पिठाच्या गिरणीवाल्या गफूरभाईचा. त्यांनी मास्तरांना विचारलंच नाही, स्वतःच्या हाताने लिहिला. कागदाला ऑइलचे डाग. वर लिहिलं होतं, "सुदामने मला न विचारता माझं इंजिन खोललं. आठ दिवस गिरणी बंद राहिली. गावाने शिव्या दिल्या. पण त्याने जेव्हा जोडलं, तेव्हापासून आजपावेतो ते बंद पडलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो गफूरभाई, शिफारस हाय का फिर्याद?"

"जे झालं ते लिहिलं."

तो डागाळलेला कागद मी घडी करून कोपरीच्या आतल्या खिशात दडपला. असली खोड कोणी चारचौघात दाखवतं का?

पुण्याला गेलो. पोरगा एस्टीत सगळ्या वाटेने एकच घोकत होता. "आण्णा, ते कागद काढू नका. साहेब हसतील."

"तू गप रे. बाजार मला शिकवतो का?"

कॉलेजचा शिपाई म्हणाला, आत फक्त मुलाने जायचं. मी म्हणालो, "जनावर आत आणि मालक भाईर, हे कुठल्या बाजारात बघितलं तुमी?" तो विचार करत राहिला, तोवर मी आत.

साहेब टेबलामागे. डोळ्याला जाड चष्मा, माणूस शांत. पोराला दोन प्रश्न विचारले. पोरगं घाबरून घशातल्या घशात बोललं. मला राहवेना. मी पुढे झालो आणि चौदाच्या चौदा कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

साहेबांनी एकेक वाचला. ढोरांच्या डॉक्टरपाशी जरा जास्त थांबले.

"चौदा माणसं," साहेब म्हणाले, "आणि अक्षर एकच?"

"गावात चांगलं अक्षर एकालाच येतं, साहेब."

"घोडेगावच्या बाजूचे का तुम्ही? काय करता?"

"बैलांची दलाली." मी छाती काढून सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मी मूळचा शेवगावकडचाच. माझ्या वडलांनी घोडेगावच्या बाजारात एक बैल घेतला होता. पांढरा. शेपटीचा गोंडा काळा. चार माणसं भोवती उभी राहून काय तारीफ करत होती! घरी नेताना पहिल्याच ओढ्यात जो बसला, तो गावाने ओढला तरी उठेना. वडील म्हणाले, चौघं बोलले तिथेच मी ओळखायला पाहिजे होतं." मग कागदांवर बोट ठेवून म्हणाले, "इथे तर चौदा आहेत. तुम्ही दलाल माणूस, तुम्हीच सांगा. तुम्ही घ्याल का असा बैल?"

अहो, पायाखालची फरशी हलली! माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट, चुलत्याने कान धरून शिकवलेली, आणि ती मला पुण्यातला साहेब शिकवतोय. सुदाम खाली मान घालून उभा. त्याचे कान लाल. पोराचं गाडं मी स्वतःच्या हाताने ओढ्यात रुतवलं होतं.

आणि तो पांढरा बैल? त्याचं नंतर सांगतो.

"न्हाई घेनार, साहेब," मी म्हणालो. खोटं कसं बोलू?

"मग काय बघून घ्याल?"

"मालकानं आपल्या तोंडानं खोड सांगितली, तर घेईन."

"आहे का मग ह्याला एखादी खोड?"

माझा हात आपोआप कोपरीच्या खिशात गेला. गफूरभाईंचा डागाळलेला कागद मी साहेबांपुढे ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

साहेबांनी वाचला. परत वाचला. मग पोराला म्हणाले, "आठ दिवस काय करत होतास रे?"

आणि काय सांगू! आतापर्यंत घशात बोलणारं पोरगं एकदम सुटलं. झडप काय, पंप काय, रिंग काय! साहेबांचीच पेन्सिल उचलून ढोरांच्या डॉक्टरच्या कागदामागे इंजिनाचं चित्र काढायला लागलं. चुकलं कुठे, परत खोललं कितीदा, गफूरभाई जेवायला घरी कसे पाठवत नव्हते, सगळं सांगितलं. साहेब खुर्ची ओढून त्याच्या बाजूला येऊन बसले. मला कोणी विचारेना. मी भिंतीपाशी उभा, माझ्याच बाजारात मी परका.

अर्ध्या तासाने साहेबांनी अर्जावर सही केली. चौदा कागद गोळा करून माझ्या हातात दिले आणि गफूरभाईंचा तेवढा फाइलीला लावला.

"पोरात खोड नाही," साहेब म्हणाले. "खोड मालकात आहे. पण मालकाला ॲडमिशन द्यायची नाही, म्हणून जमलं."

सुदाम हसला. बापावर हसला. मी साहेबांना हात जोडले आणि दाराकडे वळलो.

"थांबा," साहेब मागून म्हणाले. "आता सही झाली आहे, भिऊ नका. तो पांढरा बैल, काळ्या गोंड्याचा. ते जे चार जण उभे होते, त्यात तुम्ही होता का?"

मी पोराकडे बघितलं. पोरगं माझ्याकडे बघत होतं. माणसाचं तोंड विसरेन, पण बैल मी विसरत नाही.

"व्हतो, साहेब," मी म्हणालो. "आन् त्या मालकानं चहासुदीक अर्धाच कप पाजला."