चप्पल निघणार नाही

दवाखान्याच्या दारात पाटी होती, चपला बाहेर काढा. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, काढल्या. डाव्या तळव्याला, अंगठ्याखाली बोराएवढी जखम, वर घरचीच पट्टी. ते आत चालत गेले आणि पट्टीतून झिरपून पांढऱ्या फरशीवर ओले डाग उमटत गेले. कंपाउंडरने माझ्या हातात फडकं दिलं. बाकांवर पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांच्या पायांमधून वाकून मी फरशी पुसली.

आत डॉक्टर म्हणाले, शुगर आहे आणि अनवाणी फिरता. "तुम लोगों को पैर कटवाने का शौक है क्या?" दार उघडंच होतं. आप्पा हसले. कुणी अपमान केला की ते हसतात. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला आहेत. तिथे कापड खाली पसरलेलं असतं, म्हणून चप्पल घालू देत नाहीत. टाचणी रुतली ती त्यांना चार दिवसांनी कळली, तीही माझ्या आईला दिसली म्हणून. हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "कॉलेजमां भणे छे ने? वांची लेजे." कॉलेजात शिकतेस ना, वाचून घे, असं ते गुजरातीत म्हणाले.

मी मान हलवली.

मला त्यातले दोनच शब्द लागले होते. व्यायाम आणि रोज. पुढचे शब्द लागले नाहीत. पण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. आई म्हणाली, काय लिहिलंय? मी म्हणाले, चालायचं. आमच्या लिंबायतच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की चाललं की साखर उतरते. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रोज सकाळी मी आप्पांना पुलापर्यंत नेऊ लागले. मी विचारायचे, दुखतंय का? ते म्हणायचे, "काही दुखत नही ना, माय." त्या पायाला काही कळतच नव्हतं. मला वाटलं, भरतंय.

दहाव्या दिवशी पट्टीला वास आला. जखम आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात बसून मी मोबाइलवर एकेक शब्द शोधला. पायावर भार द्यायचा नाही. व्यायाम फक्त बसून. मी पुन्हा वाचलं. तास सुरू झाला, मी गेले नाही. कुणाला सांगणार होते? वर्गातल्या मुली असे शब्द वडिलांना विचारतात. माझे वडील मला विचारतात.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी पट्टीचा पाय आत ओढून घेतला. मग म्हणाले, हे कुणाला सांगू नको. माझी लाज ते झाकत होते.

पुन्हा दवाखाना. या वेळी पायात मऊ तळाची चप्पल होती. कंपाउंडर म्हणाला, "काका, चप्पल बहार." आप्पा लगेच वाकले. मी त्यांचा दंड धरला.

"नहीं निकलेगी. ज़ख्म है."

तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हणाले, डॉक्टरांना विचार. आणि आप्पांना घेऊन आत गेले.

डॉक्टरांनी जखम पाहिली. याला चालवलं कुणी, म्हणाले. आप्पांनी तोंड उघडलं, स्वतःचंच नाव सांगायला. मी आधी बोलले.

"मैंने चलाया. आपका कागज़ मेरे को समझा नहीं था."

"तो पूछना था ना."

बाहेर कुणीतरी हसलं. मी वही काढली. म्हणाले, आज विचारते, हिंदीत सांगा. ते म्हणाले, बाहेर गर्दी आहे. मी उठले नाही. मग त्यांनी सांगितलं. भराभर, माझ्याकडे न बघता. मी लिहिलं, वाचून दाखवलं, दोन ठिकाणी चुकले होते, ते पुन्हा विचारलं.

आता आप्पा खुर्चीत बसून हातांचा व्यायाम करतात. घरातसुद्धा अनवाणी खाली उतरत नाहीत. मी रोज त्यांचा तळवा उजेडात धरून बघते. अंगठा राहील की जाईल, डॉक्टर अजून सांगत नाहीत. गेला तर त्यात माझा हात असेल. ते मी कुणाला झाकू देणार नाही.

आणि न समजलेल्या गोष्टीला यापुढे मान हलवणार नाही. भर वर्गात विचारीन. भर दवाखान्यात विचारीन. हसणाऱ्यांनी हसावं. उत्तर मिळेपर्यंत मी जागची हलणार नाही.