फुलाफुलांच्या चादरीखालचं अवकाशयान

इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं त्या वर्षी आम्ही सौदीत अल-खोबरला राहत होतो. नवरा अबकैकच्या तेल प्रकल्पात सेफ्टी इंजिनियर होता. रस्त्यांवर रणगाडे वाहणारे ट्रेलर दिसायला लागले होते, आम्ही खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तरी दम्माममधल्या मुलीच्या शाळेने विज्ञान प्रदर्शन रद्द केलं नाही. मुलांचं मन रमेल, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं.

मुलीला व्हिनेगर ओतून ज्वालामुखी करायचा होता. "ज्वालामुखी सगळेच करतात," नवरा म्हणाला. त्याने एका मासिकात जंबो विमानाच्या पाठीवर बसलेल्या अवकाशयानाचा फोटो पाहिला होता. त्यामुळे विषय ठरला, अवकाशयानाची सुरक्षित वाहतूक. मुलीच्या वाट्याला पांढरा रंग देण्याचं काम आलं.

फ्रिजच्या खोक्याचं जंबो आणि त्यावर थर्माकोलचं यान असं ते प्रकरण हॉलभर पसरलं. आम्ही जेवायचो त्याच्या पंखाखाली. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी कळलं, की ते गाडीच्या दारातून आत जात नाही.

"टपावर बांधू," नवरा म्हणाला. "ते यानवाले तरी काय करतात? टपावरच ठेवतात ना?"

दोऱ्या आवळताना तो आम्हाला समजावत होता. यानाच्या शेपटीला निमुळती टोपी घालतात, म्हणजे मागे वारा घुसळत नाही. पावसात नेत नाहीत. आणि हवामान बघायला पुढे एक दुसरं विमान जातं.

"मग आपल्यापुढे कोण जाणार?" मी गमतीने विचारलं.

नवरा थेट वरच्या मजल्यावर गेला आणि तिथे राहणाऱ्या सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी आपल्या गाडीने पुढे जायचं आणि रस्त्यात चौकी दिसली की उजवा सिग्नल द्यायचा, असं ठरलं. "वहिनी, काळजी करू नका," असं म्हणत डॉक्टरांनी घराच्या फाटकातच सिग्नल लावला आणि पुढे तो बंद करायचं विसरले.

त्यामुळे पहिली चौकी आम्हाला अचानकच भेटली. शिपायाने टपाकडे बघून विचारलं, "एश हादा?" हे काय आहे?

"तय्यारा," नवरा म्हणाला. विमान.

"आणि वरचं?"

"तेही तय्यारा."

शिपायाने साहेबाला बोलावलं. साहेबाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "वरचं स्वतः का उडत नाही?"

"ते अवकाशातून परत आलंय. आता त्याचं इंजिन खलास."

"म्हणजे बंद पडलेलं विमान चालू विमानावर, आणि चालू विमान तुझ्या गाडीवर."

"बरोबर," नवरा म्हणाला. इतक्या थोडक्यात त्याला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं.

साहेबाला दोऱ्यांबद्दल तक्रार नव्हती. पण वरून अमेरिकन हेलिकॉप्टरं फिरतात, त्यांचा गैरसमज होईल, तेव्हा हे झाकून न्या, असं त्याने बजावलं. शाळेतल्या टेबलावर अंथरायला मी फुलाफुलांची चादर घेतली होती, तीच वरून बांधली.

आता ते विमान दिसेना. चादरीखाली नाक वर काढलेलं लांबलचक काहीतरी आहे, एवढंच दिसत होतं. दुसऱ्या चौकीवरचा शिपाई आम्हाला बघून चार पावलं मागे सरला. फक्त नवऱ्याने उतरायचं आणि चादर काढायची, बाकीचे लांब, असा हुकूम झाला. डॉक्टर बरेच पुढे जाऊन थांबले होते आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखे समोर बघत होते.

नवऱ्याने दोऱ्या सोडल्या. नेमका तेव्हाच वारा सुटला. चादर फुगली आणि तिने यानाला सोबत उचललं. सगळे शिपाई रस्त्यावर पालथे झाले. त्यांना बघून मीही खाली बसले.

"बाबा, इट्स फ्लाइंग," मुलगी शांतपणे म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्या यानात रस वाटलेला दिसला.

थोडं तरंगून ते वाळूत उतरलं. एका तरुण शिपायाने धावत जाऊन ते उचललं, नाक वाकलं होतं ते हलक्या हाताने सरळ केलं, चादर झटकली आणि दोन्ही वस्तू मला आणून दिल्या. "यल्ला, निघा," तिथला साहेब म्हणाला, "आणि ह्याला आता आतच ठेवा."

बाकीचा रस्ता यान माझ्या मांडीवर होतं आणि जंबो एकटंच टपावर.

शाळेत परीक्षक बाईंनी मुलीला विचारलं, "यान नेण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग कोणता?" नवऱ्याने तिच्याकडून निमुळत्या टोपीचं उत्तर पाठ करून घेतलं होतं.

"मम्मीज लॅप, मॅम," ती म्हणाली. मग घडलेलं सगळं तिने हातवारे करून सांगितलं, पालथे शिपाई तर जमिनीवर पडून दाखवले. शेजारच्या तीन ज्वालामुखींसमोरची गर्दी आमच्याकडे सरकली.

तिला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं अर्थात एका ज्वालामुखीला. परतीच्या वाटेवर दोन्ही चौक्या मागे पडल्या. मग नवरा म्हणाला, "टोपीचं सांगितलं असतं तर पहिलं आलं असतं." मुलगी मागच्या सीटवर केव्हाच झोपली होती.