लटारूभाऊचा आभाळापलीकडचा प्राणी

पोंभुर्ण्याच्या बाजारात रद्दी विकणाऱ्या मनसारामचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे तळ्यात जाळं टाकणारा लटारूभाऊ. भाऊ भयकथांची पुस्तकं मासळीसारखी उलटीपालटी करून, वास घेऊन निवडायचा. मुखपृष्ठावर आभाळातून लोंबणारे हात, डोळ्यांचा डोंगर, खाली मुंगीएवढी माणसं. जितके हात जास्त, तितका भाऊ खूश.

घरीही त्या पुस्तकांचीच भाषा. वरण खारट झालं की म्हणायचा, "विश्वाच्या काळ्या पोटातून आलं हे!"

"मंग तिथीच जा जेवाले," बायको भागीरथा म्हणायची, आणि आणखी एक पळी वाढायची.

मोहफुलांच्या दिवसांत दोघं पहाटे जंगलात जात. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून एकाने वेचायचं आणि दुसऱ्याने टिनाचा डबा बडवत राहायचं. त्या दिवशी डबा भाऊकडे होता. खिशात पुस्तकही होतं. उजाडलं, अक्षरं दिसू लागली, गोष्ट रंगात आली. डबा थांबला.

भागीरथाची टोपली मोहाच्या झाडाखाली अर्धी भरलेली होती, भोवती वाघाची पावलं.

गाव कारणं शोधत बसलं. कोणी म्हणे नवस राहिला, कोणी म्हणे वेळच वाईट. डब्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ दुप्पट पुस्तकं नेऊ लागला.

"एवढं झाल्यावरही भेवाचंच वाचून राह्यला, काऊन गा?" मनसारामने विचारलं.

"यातल्या प्राण्याले आपल्यासारख्याचं नावच माईत नाई. तो कोनावर रागावत नाई, कोनाची चूक पाहत नाई. त्याले यायचंच असते. तू डबा वाजव, नाईतर नको वाजवू."

मनसारामला डब्याचं काही कळलं नाही. त्याने मायेने गठ्ठ्यातलं सगळ्यात जास्त हातांचं पुस्तक फुकट दिलं.

पुढच्या बाजाराला भाऊ ते परत घेऊन आला. त्यात समुद्राच्या तळाशी झोपलेला प्राणी जागा होतो, कारण पहारेकरी घंटा वाजवायचं विसरतो.

"काऊन, पानं फाटली का?"

"नाई. खोटं लिहिलं हाये. घंटेनं थांबते का तो?"

मनसाराम हसला. "थांबतच होता ना इतके वर्स!"

भाऊने पुस्तक खाली ठेवलं. त्यानंतर त्याने एकही नेलं नाही.

यंदा मोह पुन्हा फुलला. त्या झाडाखाली आता कोणी वेचायला जात नाही, फुलं पडून कुजतात. पण पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथून भाऊचा डबा ऐकू येतो. तो मधे एकदाही थांबत नाही.