अक्षतांसाठी कप्पा

नाशिकला मी देवासाठी गेलो नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं; परत आल्यावर शेजाऱ्यांनी प्रसाद मागितला तेव्हा माझी फार पंचाईत झाली. मला पाठवलं होतं बापूसाहेबांनी. सांगलीत त्यांचा छापखाना आहे आणि मी तिथे मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिकांच्या धंद्याला ते कंटाळले होते. प्लास्टिकवर, पत्र्यावर, काचेवर छापायचं तर स्क्रीन प्रिंटिंगचं (जाळीतून शाई गाळून छापण्याचं) यंत्र हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नाशिकचे कोणी गांगुर्डे असं यंत्र स्वतः बनवतात आणि सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांचं यंत्र आणि एक जपानी यंत्र शेजारीशेजारी चालवून पाहणार आहेत, असं बापूसाहेबांच्या कानावर आलं होतं.

"तुला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून तूच जा," बापूसाहेब म्हणाले. "जाणकाराला हे विकणारे बोलण्यात गुंडाळतात. तुझ्याशी बोलताना त्यांचीच दमछाक होईल."

पुण्याहून निघालेली बस नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत दुपारी नाशिकरोडला आली. देशाच्या नोटा छापणारं हे गाव. छपाईत याहून वरची पायरी कोणती असते मला माहीत नाही. पण नोटांच्या छापखान्याच्या भिंतींकडे बसमधले सगळेच जरा आदराने पाहत होते. नाशिकातल्या द्वारका चौकात उतरलो. ट्रक, टेम्पो, टांगे आणि हातगाड्या तिथे एकमेकांना वाट देत नव्हत्या, तरी सगळे पुढे जात होते. रिक्षावाल्याला सातपूर म्हटलं.

"लय लांब हाय," तो म्हणाला. "त्र्यंबकच्या रोडला. देवाला जायचं का कारखान्यात?"

"कारखान्यात."

"मग परतीचं गिऱ्हाईक मिळायचं नाय. देवाला गेलेला माणूस निदान परत तरी येतो."

गांगुर्ड्यांचं वर्कशॉप म्हणजे सिमेंटच्या पत्र्याखालची एक लांब खोली. दारात कण्हेर, आत लेथ, वेल्डिंगचा वास, आणि एका फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. वसंतराव गांगुर्डे चाळिशीचे, उंच, आणि नम्रपणाचा आजार बिलकूल नसलेले. मी टेकायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की असं यंत्र बनवणारा माणूस नाशकात दुसरा नाही, आणि पुण्यात जो आहे तो त्यांच्या यंत्राची नक्कल करतो.

"आणि तुम्ही कोणाची केली?" मी विचारलं.

"जर्मन यंत्राची," ते जराही न अडखळता म्हणाले. "पहिलं केलं तेव्हा. एका प्रेसमध्ये ते बंद पडून होतं, मी दुरुस्तीला गेलो आणि आतून पाहून आलो. आता यात जर्मन काही उरलेलं नाही. त्यांना दाखवलं तर ओळखायचे नाहीत."

"ओळखलं तर बरंच होईल," विजेच्या पेटीत डोकं घालून बसलेल्या बाई म्हणाल्या. "निदान कोणीतरी ओळख देईल."

या कमलताई, त्यांच्या पत्नी. माहेर सायखेड्याचं. रेडिओ दुरुस्तीचा वर्ग केलेल्या. यंत्राची सगळी वायरिंग आणि वेळ मोजणारी इलेक्ट्रॉनिक पेटी त्यांच्या हातची. यंत्र दाखवण्याचं काम वसंतराव करत होते आणि दुरुस्त्या त्या करत होत्या. यंत्रातल्या नव्हे, वसंतरावांच्या बोलण्यातल्या.

यंत्र समजायला सोपं होतं. खाली सपाट टेबल, त्याला बारीक भोकं. टेबलाखालचा पंप त्या भोकांतून हवा ओढतो, त्यामुळे वर ठेवलेला पत्रा जागच्या जागी चिकटून राहतो. मग जाळीची चौकट खाली येते, स्क्वीजी (शाई ओढणारी रबराची पट्टी) तिच्यावरून फिरते, चौकट वर जाते, आणि पत्र्यावर अक्षरं उमटलेली असतात. शाळेत शाई सांडून मार खाल्लेल्या माणसाला हे पाहताना थोडा हेवा वाटतो.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी घरी नेलं. कॉलनीत दोन खोल्या. सायखेड्याच्या वांग्यांचं भरीत, बाजरीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. तिथे खरी गोष्ट कळली. जपानी यंत्राचे मुंबईचे एजंट देसाई आठवड्यापूर्वी वर्कशॉपमध्ये येऊन गेले होते. सरकारने आयातीची दारं किलकिली केली होती आणि देसाई त्या फटीतून चपळाईने आत आले होते. त्यांनी वसंतरावांना सुचवलं होतं की यंत्रं बनवणं सोडा. नाशिक, धुळे, जळगावकडे आमची यंत्रं बसवा, दुरुस्त करा. डोक्याला ताप नाही.

"वाईट नाही बोलले," वसंतराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला होता. "गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, इम्पोर्टेड आहे का? नाही म्हटलं की चहा पिऊन जातं. उद्या कारखान्याने त्यांचं घेतलं तर सातपुरात आमचं कोणी घेणार नाही. मग त्यांचं म्हणणं ऐकावंच लागेल."

"लागेल तेव्हा बघू," कमलताई म्हणाल्या. "भाकरी गार होतेय."

सकाळी कारखान्याकडे जाताना वाटेत मिसळ खाल्ली. नाशिकची मिसळ सोबत पापड आणि दही घेऊन येते, म्हणजे आधी पेटवायचं आणि मग विझवायचं अशी सगळी सोय असते. वसंतरावांनी रस्सा दोनदा मागवला. कमलताईंनी ताटलीला हात लावला नाही. त्यावरून मी ओळखलं की घाबरलेल्या त्या होत्या.

कारखाना विजेचे मीटर बनवणारा. मीटरच्या तबकड्यांवर आकडे आणि रेघा छापायच्या, त्यासाठी यंत्र हवं होतं. मोठ्या शेडमध्ये दोन यंत्रं उभी. जपानी यंत्र फिकट हिरवं, शांत, नुकतीच दाढी केल्यासारखं. आमचं (एका मुक्कामात ते माझं झालं होतं) करड्या रंगाचं आणि अंगाने जरा भरलेलं. व्यवस्थापक कर्णिक धावपळीत होते, कारण यंत्रपूजेचा समारंभही त्याच दिवशी उरकून घ्यायचा होता. मुंबईहून कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष यायचे होते. मंडळाचं नाव मला तीनदा सांगण्यात आलं, पण ते करतं काय हे अखेरपर्यंत कळलं नाही.

अध्यक्ष येईपर्यंत देसायांनी यंत्र चालवून दाखवलं. खोटं कशाला बोलू, ते अप्रतिम होतं. स्क्वीजी पाण्यावरून सरकावी तशी सरकत होती. एका बाजूला प्रकाशाचा डोळा होता. टेबलावर पत्रा नसेल तर त्याला ते दिसायचं आणि यंत्र आपोआप थांबायचं. वसंतराव खाली वाकून त्या डोळ्याकडे पाहत राहिले.

"हे आपल्याला जमेल?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"जमेल. पण आज नाही," त्या म्हणाल्या.

आमचं यंत्र त्यामानाने सावकाश चालत होतं आणि प्रत्येक फेरीला एक सुस्कारा टाकत होतं. छपाई मात्र स्वच्छ होती. कर्णिकांनी भिंग लावून दोन्हीकडच्या तबकड्या पाहिल्या आणि जपानी तबकडी जरा जास्त वेळ हातात ठेवली. देसायांनी आमच्याकडे पाहून सौजन्याने मान हलवली. हरणाऱ्याशी जिंकणारा जितका सौजन्याने वागू शकतो, तितके ते वागत होते.

मग अध्यक्ष आले. भाषण झालं. स्वावलंबन आणि परदेशी तंत्रज्ञान या दोन्हींची त्यांनी सारख्याच उत्साहाने स्तुती केली, त्यामुळे कोणाचीच निराशा झाली नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले. दोन्ही यंत्रांना हार घातले, टेबलांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. देसायांचा चेहरा बदलला. ते पुढे होऊन काही बोलणार, तोच अध्यक्षांनी मूठभर अक्षता जपानी टेबलावर टाकल्या, त्यावर पळीभर पाणी सोडलं, आणि मागे वळून आमच्याही टेबलावर तेवढ्याच श्रद्धेने टाकल्या. टाळ्या झाल्या. नारळ सुदैवाने जमिनीवर फोडला. कोणीतरी उत्साहाने दोन्ही यंत्रांचे पंप सुरू केले.

टेबलांनी आपलं काम केलं. समोर जे आलं ते ओढून घेतलं.

अध्यक्ष चहाला गेल्यावर तबकड्या पुन्हा लावल्या. जपानी टेबलावर पत्रा चिकटेना. तो कुंकवाच्या चिखलावर घसरायचा, आकडे दुहेरी उमटायचे, तीनच्या अंगावर तीन. देसायांनी फडक्याने टेबल पुसलं, तेव्हा उरलेलं कुंकूही भोकांत गेलं. तांदळाची कणी तर पाचरीसारखी बसली होती.

"टेबल उघडा की," कर्णिक म्हणाले.

"सील आहे साहेब. आम्ही उघडलं तर गॅरंटी जाते. त्यांचा इंजिनियर यावा लागेल."

"कुठून?"

देसाई फडक्याची घडी घालू लागले. शेडमध्ये सगळ्यांना भूगोल येत होता.

टेबल तर आमचंही बुजलं होतं. वसंतरावांनी बाह्या वर केल्या, हाताने फिरवायचे चार नट सोडवले, वरचा पत्रा उचलून कमलताईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरून ब्रशने झटकला. खालून वसंतरावांनी जाळी लावलेला एक कप्पा ओढून काढला. त्यात अक्षता, कणी, झेंडूची पाकळी आणि कुंकवाचा गाळ होता. तो त्यांनी कागदावर रिकामा केला, कप्पा आत सरकवला, टेबल बसवलं. मी एक विडी ओढली असती तर तेवढ्यात ती संपली नसती. पहिलीच तबकडी स्वच्छ आली.

"हा कप्पा कशासाठी ठेवला होता?" कर्णिकांनी विचारलं.

"अक्षतांसाठी," वसंतराव म्हणाले.

कर्णिकांना ती थट्टा वाटली. वसंतरावांनी समजावलं, "आमच्याकडे पूजा नसते साहेब. आम्ही बौद्ध. पण गिऱ्हाइकाकडे असते. पहिलं यंत्र मालेगावला दिलं, ते पूजेच्या दिवशीच बंद पडलं. दुसरं निफाडला, तिथेही तेच. तांदूळ टाकू नका म्हटलं तर लोकांना राग येतो. मग यंत्रालाच सांगितलं, तांदूळ येणार आहेत, तयार राहा."

देसाई सगळ्यांत आधी हसले. माणूस दिलदार होता. "हे मी जपानला कळवू कसं?" ते मला म्हणाले. "ते विचारतील, छपाईयंत्रात तांदूळ गेला कसा? तुम्ही छापखान्यातले ना, तुम्हीच सांगा काय लिहू."

पत्राचा मजकूर मी त्यांच्यावरच सोपवला. पण तेव्हा जे वाटलं ते लपवत नाही. धूळ, विजेची ये-जा आणि समारंभाचे अध्यक्ष, या तिन्हींना आपल्या हवामानाचा भाग धरून कोणीतरी यंत्र बनवतं, याचा मला अभिमान वाटला. भाषण ऐकताना मात्र एकदाही वाटला नव्हता.

कर्णिकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. देसाईही आले. "गांगुर्डे, तुमचं यंत्र घेतो," कर्णिक म्हणाले. वसंतरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "फक्त एक करा. बाजूची ती पाटी काढून टाका. गांगुर्डे, सातपूर वगैरे. आमचे डायरेक्टर पाहुण्यांना घेऊन येतात. इम्पोर्टेड दिसलं तर बरं दिसतं. रंग तेवढा हिरवा द्या."

सकाळपासून अखंड बोलणारे वसंतराव वर केलेल्या बाह्या खाली करू लागले. मला दिसत होतं, ते हो म्हणणार होते. यंत्र विकलं जाणार होतं, वर्कशॉप चालू राहणार होतं. एका पत्र्याच्या तुकड्यासाठी कोण अडून बसेल?

"नाही जमणार साहेब," कमलताई म्हणाल्या.

"का हो ताई? पाटीने यंत्र चालतं का?"

"पाहुण्यांना जपानी म्हणून दाखवणार. बिघडलं की गांगुर्ड्यांना बोलवा. म्हणजे चाललं तर त्यांचं, बंद पडलं तर आमचं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "रंग तुम्हाला पाहिजे तो देते. पाटी राहील. नाहीतर यंत्र परत नेतो."

कर्णिकांनी देसायांकडे पाहिलं, बहुधा मदतीसाठी. देसाई म्हणाले, "माझ्या यंत्रावरची पाटी काढा म्हणालात, तर मी तरी काढीन का?"

कर्णिक काही वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या. पण जरा खालच्या बाजूला लावा."

"चालेल," वसंतराव म्हणाले. आवाज परत आला होता.

शेडमध्ये परतल्यावर देसायांनी त्यांना विचारलं, "मग माझ्या कामाचं काय? एजन्सीचं?"

"तुमची यंत्रं दुरुस्त करून देऊ की," वसंतराव म्हणाले. "बनवायची मात्र आमचीच."

पाटी खालच्या बाजूला बसवायला त्यांनी स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. कमलताईंनी त्यांच्या हातातून स्क्रू काढून घेतले.

"रिव्हेट मारा," त्या म्हणाल्या. "स्क्रू काढता येतात."

संध्याकाळची बस पकडून मी निघालो. मोहदरीच्या घाटात गाडी तापली म्हणून थांबली, ड्रायव्हरने इंजिनावर पाणी ओतलं, आम्ही खाली उतरून पाय मोकळे केले. खाली नाशिकचे दिवे लागत होते. दुसऱ्या दिवशी सांगलीत बापूसाहेबांनी विचारलं, जपानी चांगलं की नाशिकचं?

जपानी वेगवान आहे, मी म्हणालो. नजरही तीक्ष्ण आहे. नाशिकचं घ्या. तुमच्याकडे पूजेला आमदार येणार हे मला माहीत आहे.

त्यांनी ते घेतलं. छापखान्यात दारातून आत गेलं की समोरच दिसतं. खाली वाकलं तर पाटीही दिसते, आणि तिचे चारही रिव्हेट मी स्वतः दाबून पाहिले आहेत. हलत नाहीत.