विकलोची पानझड मी पाहिली नाही

"घाटात देखावा मागे बसणाऱ्यांचा. चालवणाऱ्याचा फक्त रस्ता." बावीस वर्षांपूर्वी सापुताऱ्याच्या चढावर बाबा मला हे म्हणाले होते. त्यांची मारुती मी पहिल्यांदाच घाटात चढवत होते. तेव्हा ते वाक्य मला बक्षिसासारखं वाटलं. परवा विकलोच्या डोंगरात त्याच वाक्याचा राग राग आला.

ठरवलं मीच होतं. आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीत राहायला येऊन सात वर्षं झाली. विकलोचे डोंगर घरापासून अर्ध्या तासावर, आणि ऑक्टोबर अखेरचे रंग दर वर्षी दुसऱ्यांच्या फोटोंत बघायचे. यंदा नागपूरहून सासूबाई आल्या होत्या, इराला शाळेची सुट्टी होती. म्हटलं, चला. चौघं निघालो: मी, मिलिंद, मागे सासूबाई आणि तेरा वर्षांची इरा.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. पेट्रोल खालीच भरा, वर पंप नाही. फोनची रेंजही जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. एनिसकेरीवरून ग्लेनक्रीकडे चढलात की झाडं संपतात आणि नुसतं तपकिरी माळरान सुरू होतं. सॅली गॅपच्या खिंडीत पानं शोधू नका. रंग आहेत ते खालच्या दऱ्यांत. रस्ता एका गाडीपुरता, कडेला मेंढ्या, मधूनच सायकलवाले. त्या दिवशी मी पाहिलेला सर्वांत सुंदर पिवळा रंग एका सायकलवाल्याच्या जाकिटाचा होता. दहा मिनिटं मी त्याच्यामागेच होते.

"आई, युअर मॅन बिहाइंड अस इज रेजिंग," इरा मागच्या काचेतून बघत म्हणाली. मागचा ड्रायव्हर चिडला होता.

"चिडू दे."

"यू आर ग्रँड, कीप गोइंग." आणि तिने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

मिलिंद शेजारी बसून व्हिडिओ काढत होता. सासूबाईंनी एनिसकेरीतच नागपूरला फोन लावला होता. "आमच्याकडे सूनच गाडी चालवते बरं. आमचा मिलिंद बसून राह्यते नुसता." सातासमुद्रापार पोचलेलं हे कौतुक. त्याचं ओझं किती असतं, ते स्टिअरिंग धरल्याशिवाय कळत नाही.

ग्लेनडालॉकला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दहाच्या आत पोचा, हे मी आता सगळ्यांना सांगते. तळ्याजवळचं पार्किंग भरलेलं, पिवळं जाकीट घातलेला माणूस हातानेच गाड्या परत फिरवत होता. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुम्ही उतरा, बघून घ्या. मी गाडी लावून येते."

हे मीच म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं. लग्नात, देवळात, दवाखान्यात, चार वर्षं मी हेच म्हणत आले आहे. पण त्यावर एकानेही "थांब, आपण सगळेच येतो" म्हणू नये?

जागा मिळाली ती थेट लारा गावात, दोन-तीन किलोमीटर मागे. जागा शोधून, तिथून चालत तळ्याशी पोचेपर्यंत तासाभराहून जास्त गेला. ओकचं जंगल तिथून पुढे सुरू होतं. मी पोचले तर तिघं बाकावर बसून मी सकाळी केलेले पराठे संपवत होते.

"काय मस्त होतं गं आत," मिलिंद म्हणाला. "आता निघू या का? आईचे गुडघे दुखतायत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिनं तं पाह्यलंच नाही न रे काही. मी बसते इथं. जाऊन ये सूनबाई, दहा मिनिटं."

"उशीर होईल, आई. येताना क्लारा व्हॅलीतून जाऊ, तिथे जास्त झाडं आहेत. गाडीतूनच दिसतात."

कुणाला दिसतात, हे मी विचारलं नाही. परत चालत गेले, गाडी आणली. लारात एका हॉटेलात गरम सूप आणि ब्राउन ब्रेड खाल्लं. सूप खरोखर छान मिळतं, चुकवू नका. मग क्लारा व्हॅलीतून जाणारा रॅथड्रमचा रस्ता. डावीकडे नदीची दरी, ओकची जुनी झाडी. मला दिसलं ते समोरच्या ट्रॅक्टरचं चिखललेलं चाक.

संध्याकाळी घरी मिलिंदने टीव्हीवर व्हिडिओ लावला. तांबूस, सोनेरी, मधेच एखादं झाड पेटल्यासारखं. आवाज मात्र बंद करायला तो विसरला होता. त्यात मी विचारत होते, "डावीकडे काय दिसतंय रे?" आणि तो सांगत होता, "काही विशेष नाही. तू समोर बघ."

स्क्रीनवर तेव्हा अख्खी दरी जळत होती.

त्याने रिमोट शोधून आवाज बंद केला. तो स्टिअरिंगला का हात लावत नाही, ते मला माहीत आहे. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला इथे शिकाऊंसारखं परीक्षेला बसावं लागलं. आरशात पुरेसं बघत नाही म्हणून एका पोरगेल्या परीक्षकाने त्याला नापास केलं. त्या दिवशी तो घरी आला, जेवला नाही. पुढे मी परीक्षा दिली, पास झाले आणि त्याने "आपल्याला ट्रेन आहेच की" म्हणून विषय मिटवला. त्याचं मन जपायचं म्हणून चार वर्षं मी तो विषय काढला नाही. जपता जपता गाडीची एकच सीट माझी होऊन बसली.

या सहलीतून काय उरलं? खांद्यातली कळ, आणि दुसऱ्याच्या व्हिडिओत पाहिलेले रंग. जागा सुंदर आहे यात शंका नाही. तुम्ही जरूर जा, आणि गाडीत दोन चालवणारे असतील असं बघा.

मिलिंद, शुद्धलेखन तपासायला हे पोस्ट आधी तुझ्याकडेच येणार. तू ऱ्हस्व-दीर्घ नीट करशील, आणि इथे पोचल्यावर "बघू" म्हणशील. तुझ्या "बघू"चा अर्थ मला लग्नापासून ठाऊक आहे. तरी मागते. पुन्हा एकदा परीक्षेला बस. पुन्हा नापास झालास तरी चालेल, पण बस.