दोन सीटांची गाडी

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकबाईंनी शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा, त्यावरून हे नाव पडलं, आणि त्यांनीही ते गोड मानून घेतलं. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी बसून काढली. नाकात जळक्या क्लचचा वास, पाय ब्रेकवर आणि तोंडी एकच, घाई नाही, सावकाश.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं. नवरा वारल्यापासून घरात दोघीच होत्या, त्या आणि त्यांची थोरली नणंद, ताई. ताईंनी लग्न केलं नव्हतं, घरातच शिवणकाम करायच्या. एकदा बोलायला लागल्या की शेजाऱ्यांना रेडिओची गरज पडत नसे.

दोघी जुन्या गाड्यांच्या दुकानात गेल्या त्या हॅचबॅक बघायला. ती होतीही तिथे, राखाडी, नीटनेटकी, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण तिच्या पलीकडे एक लाल स्पोर्ट्स कार उभी होती. दोन मालकांच्या हातून आलेली, बुटकी, सीटचं कातडं एका कडेला झिजलेलं, आणि सीटा दोनच. ब्रेकबाई तिच्याभोवती फिरल्या आणि पुन्हा फिरल्या. विक्रेता हुशार होता. त्याने न बोलता किल्ली पुढे केली.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर बाईंनी त्या दिवशी जे केलं, ते त्यांनी एकाही विद्यार्थ्याला करू दिलं नसतं. पाय नुसता टेकवायचा अवकाश, गाडी झेपावायची. वळणावर तर जणू रस्त्याला चिकटून जायची. परत आल्यावर मात्र ताईंना सीटवरून उठताच येईना. सीट जमिनीपासून वीतभर वर आणि गुडघा जुना. एक हात विक्रेत्याने ओढला, दुसरा बाईंनी, आणि अर्ध्यावर ताईंना असं हसू फुटलं की त्या पुन्हा धपकन आत बसल्या.

मग हॅचबॅक. सवयीप्रमाणे ताईंनी मागचं दार उघडलं. भाऊ गाडी चालवायचा तेव्हा पुढे वहिनी आणि मागे पिशव्यांबरोबर त्या, हे ठरलेलंच होतं. बाईंनी हाताला धरून त्यांना पुढे बसवलं. या गाडीला चढावर धाप लागत होती, वळताना ती जराशी कलत होती. पण मागे शिलाईचं मशीन आडवं मावलं असतं आणि खड्डे अंगाला लागत नव्हते. ताई वाटभर एका नवरदेवाच्या कोटाची गोष्ट सांगत होत्या. त्याचं पोट दर मापाला वाढत होतं म्हणे.

घरी आल्यावर ताईंनी निकाल देऊन टाकला. लालच घ्यायची. "अगं, जन्मभर सावकाश सावकाश केलंस. आता तरी सुसाट जा."

बाई विचार करते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून जरा लवकर परतल्या. शिवणखोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मशीनशी पाय ठेवायचं बुटकं स्टूल ताईंनी मधोमध ओढलं होतं, आणि टेबलाची कड धरून, ओठ घट्ट मिटून, त्या त्यावरून उठायचा सराव करत होत्या. उठल्या, श्वास घेतला, पुन्हा बसल्या. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पुन्हा बाहेर निघून गेल्या.

त्या आठवड्यात दारात राखाडी गाडी आली. ताई दिवसभर बोलल्या नाहीत, म्हणजे गोष्ट गंभीर होती. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यावर खापर फोडलंस ना?"

"गुडघ्याचं जमवलं असतं हो काहीतरी," बाई म्हणाल्या. "पण त्या गाडीत तुम्ही काहीतरी बोलत होता आणि मला इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तुमचं बोलणं नसलेलं मला नाही चालायचं, ताई."

ताई खाली मान घालून देठ मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलत कुठे होते? हळू चालव म्हणून ओरडत होते."

हे मला ताईंनीच सांगितलं, आणि सांगताना डोळे पुसले ते हसून की कसे, मी विचारलं नाही.

लाल गाडी पुढे कुणीतरी घेतली. ती रस्त्यात दिसली की नजरेआड होईपर्यंत बाई तिच्याकडे बघत उभ्या राहतात. वाईट वाटतं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, वाटतं की, का नाही वाटणार.

दुपारी काम नसलं की दोघी तळ्याकडे जाऊन येतात. परवा येताना ताई कुणाच्या तरी झालरीचं सांगता सांगता वाक्याच्या मध्येच पेंगल्या, मान खिडकीला टेकली. घराचं वळण आलं. बाईंनी इंडिकेटर दिला, शेजारी पाहिलं, इंडिकेटर बंद केला आणि गाडी तशीच सरळ पुढे नेली.